कापराच्या वासाचा हार

ताईचे दागिने सगळे खोटे, पण लाड खऱ्यापेक्षा जास्त. जुन्या काळच्या नावाजलेल्या डिझायनरांनी प्राचीन राण्यांच्या थडग्यांतले, पडक्या देवळांतले दागिने पाहून पितळ, काच आणि सेल्युलॉइडमध्ये घडवलेले. सेल्युलॉइड म्हणजे जुनं प्लॅस्टिक, दिसायला थेट हस्तिदंत. ताई मणी अंगठ्याने चोळायची आणि गरम झाला की नाकाशी धरायची. कापराचा वास आला की खूश व्हायची.

"अस्सल खोटा आहे," म्हणायची.

मुलामा काळा पडू नये म्हणून तिने खिडकीजवळ हवाबंद काचेचं कपाट करून घेतलं. त्यात सेल्युलॉइडच्या मण्यांचा, गळ्यालगत बसणारा राणीचा हार आला आणि शेजारच्या बांगडीवर हिरवट डाग उमटला. मग बाजूबंदावर. मग वरच्या फळीवर.

"तुझे ओले हात," ताई मला म्हणाली.

"तुझ्या राजघराण्याला मी शिवत नाही. हारच आम्लाचा घाम सोडतोय, बघ, त्याच्या वाफेने सगळं सडतंय. बाहेर काढ तो."

"वय झालंय त्याचं. तू नाही का कुरकुरत?"

तिने कपाटाच्या फटींना आणखी रबर लावलं.

संग्रहाचे फोटो काढायचं ठरलं तेव्हा ताईने हार नातीच्या गळ्यात घातला. फोटोग्राफरने पिवळे दिवे तिच्या अगदी जवळ आणले. खोली तापली. कुणी मणी चोळला नव्हता, तरी कापराचा वास सुटला.

"आजी, टोचतंय," नात म्हणाली.

"राण्यांना टोचत नव्हतं वाटतं? मान वर कर."

मी मागे जाऊन हाराचा आकडा ओढला. हिरव्या थराने तो घट्ट धरला होता. नातीची मान पोळल्यासारखी लाल झाली होती. मी टेबलावरची कात्री उचलली.

"मावशी, एकच फोटो राहिलाय," फोटोग्राफर म्हणाला.

"कात्री लावलीस तर पुन्हा या घरात पाऊल ठेवू नकोस," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता.

मी दोरा कापला. मणी घरंगळले. एक उडून दिव्याच्या तापलेल्या जाळीवर पडला आणि भप्पकन वीतभर ज्वाळा उठली. डोळ्याची पापणी लवायच्या आत विझलीही. मणी उरला नाही, भिंतीवर काळा पट्टा उरला. फोटोग्राफरने दिवे बंद केले. नात गळा धरून माझ्या कुशीत शिरली.

 ताई कपाटाकडे गेली. तिथे तसलेच मणी फळ्या भरून होते. तिने किल्ली घातली, फिरवली, पुन्हा फिरवली. कुलूपही आतून हिरवं होऊन बसलं होतं.

खिडकीतलं ऊन खालच्या फळीवर आलं होतं. काचेला आतून घाम फुटला होता.

"पोरीला घेऊन बाहेर हो," ताई म्हणाली. किल्ली तिने सोडली नाही.