ताईंच्या भरवशावर

सत्कारातून ताईंना काय मिळणार, याचा हिशेब ऑफिसातल्या प्रत्येकाने आधीच मांडून ठेवला होता. काचेचं मानचिन्ह, ‘समुदायप्रमुख’ असं भारदस्त पद, आणि कंपनी दुसऱ्याच्या हातात गेली तरी टिकणारी नोकरी. एका पगारात दोघांचं काम ओढणाऱ्या बाईला एवढं म्हणजे बरंच होतं. देणाऱ्याला तर स्वस्तच पडत होतं.

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असणाऱ्यांना फोनवर एकत्र आणायचं, हा या छोट्या कंपनीचा धंदा. ॲप पोरांनी बनवलं, त्यात माणसं आणली ताईंनी. कुणाची आई रात्रभर ओरडते, कुणाच्या नवऱ्याची पाठ सोलवटलीय, सगळं त्यांना तोंडपाठ. पोरं त्यांना ‘चौकशी खिडकी’ म्हणत. “ही खिडकी जेवायलाही बंद होत नाही,” असं मालक कौतुकाने सांगायचा आणि आणखी माणूस नेमायचं टाळायचा. नव्या सभासदाला ताई एकच शब्द द्यायच्या, “इथलं बोलणं इथेच राहील.”

सत्काराला मोठ्या पडद्यावर सभासद जमले होते. मागच्या खुर्च्यांवर दोन पाहुणे बसले होते, नीटनेटके, हसतमुख. निवृत्त ड्रायव्हरकाका पडद्यावरून बोलत होते.

“बायकोला घास गिळता येत नाही, हे मी पोरांनापण सांगितलं नव्हतं हो. आधी ताईंना सांगितलं. गटात लिहिलं, तेव्हा कुठे मोकळं वाटलं.”

टाळ्या झाल्या. एका पाहुण्याने मालकाला हळूच विचारलं, “असं आतलं सगळेच लिहितात?”

“सगळेच. ताईंपासून काही लपवत नाहीत.”

ताईंच्या हातातला गुच्छ तसाच राहिला. “हे कोण?” त्यांनी मालकाला विचारलं.

“नवे मालक. विमा कंपनीचे. ताई, आता दोन शब्द गोड बोला आणि मोकळ्या व्हा.”

“लोकांचं लिहिलेलं यांच्याकडे जाणार?”

“तुमची नोकरीपण त्यांच्याकडेच जाणारेय, विसरू नका.”

ताई पडद्यासमोर उभ्या राहिल्या. “ऐका सगळे. कंपनी विमावाल्यांना विकली जातेय. गटात लिहिलंत ते आत्ताच पुसून टाका. मी दिलेला शब्द आता मला पाळता येणार नाही.”

मग ड्रायव्हरकाका मोठ्याने हसले.

“अहो ताई, कंपनी विका नाहीतर भाड्याने द्या! आम्ही कंपनीकडे बघून लिहितो होय? तुम्ही आहात ना?”

“काका, मी नसेन.”

“हात धरून परत आणू की!”

सगळा पडदा हसला. कुणी हात जोडले, कुणी डोळे पुसले. मालकाने पाहुण्यांकडे वळून म्हटलं, “बघितलंत? स्वतः सांगितलं तरी कुणी हलत नाही.” पाहुण्यांनी मान डोलावली. त्यांना जी खात्री हवी होती, ती ताईंनी आत्ताच फुकटात करून दिली होती.

सौदा झाला. नव्या मालकांनी गट ठेवला, ताईंना नाही.

पुढे एके दुपारी काकांचा फोन आला. घरी येणाऱ्या नर्सचे पैसे त्याच विमा कंपनीने नाकारले होते.

“म्हणतात, गिळायचा त्रास विमा काढण्याआधीपासूनचा आहे. माझेच शब्द मला वाचून दाखवले हो! यांना कळलं कसं? तुम्ही जरा चौकशी करता का?”

“काका, माझ्यामुळेच कळलं.”

“काहीतरीच काय बोलता!” काका रागावले. “तुमच्याबद्दल असं कुणी बोललेलं मी ऐकून घेणार नाही. तुम्हीसुद्धा नाही.” मग आवाज उतरला. “ठेवतो. नर्स बंद केलीय ना, आता भरवायला मीच. घाई केली की ठसका लागतो तिला.”

मालकाला सौद्याची रक्कम मिळाली, पाहुण्यांना गट मिळाला, ताईंची नोकरी गेली, आणि काकांनी आपला विश्वास आहे तसाच ठेवला. किंमत मोजत होती ती गटात एक अक्षरही न लिहिलेली बाई, घासागणिक.