अर्जावरचं पहिलं नाव

“काका, संशोधक म्हणून तुमचं एकट्याचंच नाव टाकतो,” पेटंटचं काम बघणारा वकील म्हणाला. “बॅट तुम्हीच घडवलीत ना?”

“घडवली मी. पण सुचली बाईंना,” कातारी म्हणाला.

एकतीस वर्षं तो कारखान्यात लेथवर खुर्च्यांचे पाय कातत होता. शाळेत सॉफ्टबॉल शिकवणाऱ्या बाई एकदा फुटकी बॅट घेऊन त्याच्याकडे आल्या. म्हणाल्या, “मुलींची मनगटं घाईने वळतात हो. मी ओरडेपर्यंत बॉल गेलेला असतो. बॅटनेच चूक सांगितली तर?”

त्याने बॅट आतून पोकळ केली, आत सळईवर सरकणारा लाकडी मणी बसवला. नीट फिरवली की मणी समोर टक्‌कन वाजायचा. घाई झाली की आधीच, खांद्यापाशी. निदान तसं व्हायला हवं होतं. पहिल्या सात बॅटी चिरल्या. कारखान्यात त्याचं नाव ‘खुळखुळेवाला’ पडलं. बाई मात्र दर रविवारी शाळेच्या बंद हॉलमध्ये नवी बॅट शंभरदा फिरवून बघायच्या, वहीत टिपून ठेवायच्या आणि त्याला विचारायच्या, “तुम्हाला काय वाटतं?” हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

आठवी बॅट टिकली. तोवर बाईंचं दुखणं बळावलं होतं. दवाखान्यात त्या म्हणाल्या, “आता नोंदवून टाका, तुमच्या नावावर. मला कुठे मिरवायचंय!” पंधरा दिवसांत त्या गेल्या.

“त्यांनीच तसं सांगितलंय, मग प्रश्नच मिटला,” हे सगळं ऐकून वकील म्हणाला. “नाहीतर वारसाची सही, दाखले... उगाच लांबण लागेल.”

“लागू दे. त्या आल्या नसत्या तर मी नुसते पायच कातत बसलो असतो. त्यांचं नाव आधी घाला.”

बाईंच्या मागे त्यांची म्हातारी आई तेवढी होती. तिची सही झाली, दाखले जमले, अर्ज गेला. अडीच वर्षांनी पेटंट मिळालं. कातारी तो कागद घेऊन थेट तिच्या घरी गेला. ती भांडी घासत होती.

“आलं का हो?”

“आलं, आई. पहिलं नाव बाईंचं आहे.”

“द्या बघू,” म्हणत तिने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. कोपरापर्यंत हात धुतले, नीट कोरडे केले, आणि मगच तो कागद दोन्ही हातांत घेतला.