पुण्याला पुन्हा न गेलेला होल्डॉल

मित्रांनो, मी एक जुना होल्डॉल आहे आणि मला उंदीर लागले आहेत. नाक मुरडू नका. एके काळी मला बघून स्टेशनावरचे हमाल पुढे धावत यायचे. जाड हिरवं कॅनव्हास, आत गादी आणि ब्लँकेट, दोन्ही टोकांना बूट, कपडे, कागद कोंबायला खोल खिसे, वरून चामड्याच्या दोन पट्ट्या. गुंडाळा, पट्ट्या आवळा आणि चला. शिपायाचं अर्धं घर माझ्या पोटात मावायचं. माणसं दिवाणखान्यात जे बोलत नाहीत ते प्रवासात माझ्यावर बसून बोलतात, म्हणून मला माणसांचं जास्तच कळतं. मी जरा फटकळ आहे, तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म कानपूरचा. तिथं एका दणकट बाईनं मला शिवलं. शिवताना ती सारखी खोकायची, एवढंच मला तिच्याबद्दल आठवतं. मग मी पलटणीत आलो आणि लालासाहेबाच्या वाट्याला गेलो. लालासाहेब म्हणजे कोरेगाव तालुक्यातला गडी, सहा फूट उंच, मिशीला पीळ. बावीस वर्षं त्यानं मला देशभर फिरवलं. बर्फात आपटलं, वाळूत लोळवलं, मालगाडीच्या डब्यात पायाशी दाबून ठेवलं. लढाईचे आवाज मी ऐकले आहेत. त्यातून लालासाहेब जिवंत आला, नायकाचा हवालदार झाला, पण एक गोष्ट कायमची झाली. त्याला गलका सोसेना. चार माणसं एकदम बोलायला लागली की त्याच्या कपाळाची शीर उडायची.

वर्षातून एकदा आम्ही सुट्टीवर गावी यायचो. गाव म्हणजे तरी काय, गावाबाहेर दोन कोसांवर रानातली वस्ती. उसाचा एक तुकडा, एक म्हैस, कौलारू दोन खोल्या आणि अंबूबाई. ही लालासाहेबाची बायको. पोटी लेकरू नाही. सासू होती तोवर भांडायला तरी माणूस होतं. सासू गेली आणि अंबूबाई एकटी पडली. ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणायची, म्हशीशी बोलायची, कोंबड्यांशी बोलायची. मी आलो की माझ्याशीसुद्धा बोलायची. "आलास का रं व्हल्डाला? जाड झालास की!" असं म्हणून मला उन्हात टाकायची, माझ्या पट्ट्यांना करडईचं तेल चोळायची. असे लाड माझे पुन्हा कुणी केले नाहीत.

एकदा ती बहिणीच्या बाळंतपणाला माधवनगरला जाऊन आली होती. बहीण मनुबाई गिरणीच्या चाळीत राहायची. त्या पंधरा दिवसांचं अंबूबाईनं पुढं पंधरा वर्षं कौतुक केलं. "आवं, दारात नळ हाय तिच्या! निस्ती तोटी फिरवायची. आन् बाया कशा, पीठ चाळत चाळत दारात बसून सगळ्या जगाचं बोलत्यात. हितं मला येक माणूस दिसायचं तर बाजाराची वाट बघायची."

लालासाहेब मिशीवरून हात फिरवून म्हणायचा, "पेन्शनीत येऊं दे मला. माधवनगर कशाला, पुण्यालाच नेतो तुला. ऱ्हायचंच हाय तर मोठ्या शहरात ऱ्हाऊ."

"कवा?"

"पुढच्या साली."

मित्रांनो, हे 'पुढच्या साली' मी पंधरा वेळा ऐकलं. प्रत्येक वेळी अंबूबाईचा चेहरा उजळायचा. शहाणी बाई, पण नवऱ्याच्या बाबतीत ठार भोळी.

त्र्याहत्तर साली लालासाहेब पेन्शनीत आला. त्याच्या आदल्याच वर्षी दुष्काळानं विहिरी खडखडीत केल्या होत्या आणि अंबूबाईनं अडीच मैलांवरून डोक्यावर पाणी वाहिलं होतं. तिची मान त्या वर्षात जी वाकडी झाली ती तशीच राहिली. त्यामुळं या खेपेला तिनं नवऱ्याची पाठच घेतली. पुण्यात लालासाहेबाचा पलटणीतला दोस्त नाथाजी होता. त्याची बायको रंगुबाई साताऱ्याकडच्या कामगार पोरांसाठी खाणावळ चालवायची. नाथाजीनं एका कारखान्यात शब्द टाकला आणि पत्र धाडलं, 'पहारेकऱ्याची जागा आहे. निघून ये.'

आम्ही निघालो. अंबूबाई फाट्यापर्यंत पोचवायला आली. माझ्या पट्ट्या तिनं स्वतः आवळल्या.

नोकरी पाच मिनिटांत मिळाली. साहेबानं लालासाहेबाची छाती बघितली, पदकं बघितली आणि हातात कागद ठेवला. राहायला खोली, दारात नळ, खाली बाजार. लालासाहेब खोली बघायला गेला, मीही खांद्यावर होतो. शेजारी रेडिओ, वर पोरांची धावपळ, खाली लोखंड कापायचा कारखाना, नळावर बायकांची जुंपलेली. लालासाहेब त्या खोलीत दहा मिनिटं उभा राहिला. त्याच्या कपाळाची शीर थडाथडा उडत होती. मग त्यानं तो कागद माझ्या खिशात कोंबला, साहेबाला "नको" म्हणून सांगितलं आणि पुणे स्टेशन गाठलं.

खरं सांगतो, मला आनंद झाला. मलाही हमालांच्या लाथा नको होत्या. मलाही खुंटीवर गप पडून राहायचं होतं. त्या बाईचं काय होईल, हा विचार माझ्या कॅनव्हासात आला नाही. मला तोंड असतं तरी मी तिला काही सांगितलं नसतं.

घरी आलो तर काय! अंबूबाईनं भांडी पोत्यात बांधून ठेवलेली. आठच्या आठ कोंबड्या पलीकडच्या वस्तीवरच्या दगडाबाईला देऊन टाकलेल्या. "आमी पुण्याला चाललो," हे पाच वस्त्यांवर सांगून झालेलं. नवं लुगडं नेसून ती दारात उभी होती.

"काय झालं वं?"

पासष्टच्या लढाईत हा माणूस गोळ्यांसमोर चालत गेला होता. बायकोसमोर त्यानं पाठ दाखवली.

"जागा भरली हुती," तो म्हणाला. "दुसऱ्याला घेतलं."

अंबूबाईनं ऐकलं. मग काय केलं असेल तिनं? तिनं त्यालाच समजावलं! "जाऊं द्या. तुमी नका मनाला लावून घिऊ. येवढ्या लांब हेलपाटा झाला बगा तुमाला." त्याला गरम पाणी दिलं, वर तूप घालून भात वाढला. त्यानं तो खाल्ला. दुसरी वाढणीही घेतली. सकाळी अंबूबाई कोंबड्या परत आणायला गेली तोवर दगडाबाईनं दोन कापून खाल्ल्या होत्या. आणि लालासाहेबानं तो नोकरीचा कागद अंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीत जाळला.

पुढचं वर्ष लालासाहेबाचं सुखात गेलं. ऊस वाढत होता, वारा वाजत होता, तो बाजेवर पडून आभाळ बघायचा. मला त्यानं आढ्याला टांगलं होतं. अंबूबाई अधूनमधून विचारायची, "नाथाजीभावजींनी काय कळीवलं का?" तो म्हणायचा, "बघतोय त्यो." आणि कूस बदलायचा.

मग एका दुपारी नाथाजी स्वतःच आला. गावच्या जत्रेला आला होता, दोस्ताला भेटल्याशिवाय कसा जाईल? अंबूबाईनं हौसेनं मटण केलं. नाथाजी जेवता जेवता म्हणाला, "गड्या, तू येडाच हाईस. साहेबानं हातात कागद दिला आन् तू नको म्हणालास! त्या जागंवर आता येक जण बायकापोरांसकट मजेत ऱ्हातोय. दारात नळ, इजेचा दिवा. वहिनी, तुमी तरी सांगायचं न्हाई का याला?"

अंबूबाई रस्सा वाढत होती. ती वाढतच राहिली. वाटी भरली, रस्सा ताटात आला, ताटातून जमिनीवर आला. लालासाहेब म्हणाला, "अगं, बास, बास!" तेव्हा ती थांबली.

नाथाजीला चूक कळली, पण बाण सुटला होता. जाताना तो ओशाळून म्हणाला, "वहिनी, कवा वाटलं तर या. रंगूला खाणावळीत माणसाची लय गरज हाय."

"येईन की भावजी," अंबूबाई म्हणाली.

त्या दिवसापासून मित्रांनो, ती नवऱ्याशी एक अक्षर बोलली नाही.

ती भांडली नाही, रडली नाही, माहेरी गेली नाही. भाकरी वेळेवर थापायची, ताट त्याच्यापुढं ठेवायची, त्याचे कपडे धुवायची. फक्त बोलायची नाही. दगडाबाई आली की दोघी खो खो हसायच्या. लालासाहेब उंबऱ्यात आला की अंबूबाईचं तोंड मिटायचं. वैरण संपली तर म्हशीला सांगायची, "म्हशे, वैरण संपलीय गं. कुणाला ऐकू गेलं तर बरं." त्याला ताप आला तेव्हा तिनं रात्रंदिवस कपाळावर पट्ट्या ठेवल्या, काढा पाजला, पण 'कसं वाटतंय' म्हणून विचारलं नाही.

पहिला महिना लालासाहेबाला बरं वाटलं. बायको गप, रान गप, आणखी काय पाहिजे! दुसऱ्या महिन्यात तो स्वतःशीच बोलायला लागला. चौथ्या महिन्यात विनवायला लागला. "अंबे, शिव्या दे. पर बोल." एकदा त्यानं हात उचलला. थोबाडीत बसली. ती हूं की चूं न करता उभी राहिली, मग पदर सारखा करून पीठ मळायला बसली. मी आढ्यावरून बघत होतो. बावीस वर्षं ज्याच्या खांद्यावर मिरवलो, त्याची मला तेव्हा शिसारी आली.

असे चौदा महिने गेले. लालासाहेबाची मिशी पांढरी झाली, पीळ गेला. शेवटी त्यानं हाय खाल्ली. नाथाजीला पत्र लिहिलं, त्याच्याच चाळीत एक खोली ठरवली, म्हैस दगडाबाईच्या गोठ्यात नेऊन बांधली.

"अंबे, चल," तो म्हणाला. "पुण्याला जाऊ. माजं चुकलं. मी गलका सोशीन, कानात बोळं घालून ऱ्हाईन. पर चल."

ती उठली. गाठोडं बांधायला लागली. लालासाहेबाला वाटलं, विरघळली. त्यानं मला खाली काढलं, झटकलं, दोघांच्या वाकळा माझ्यात भरल्या. चालता चालता तो शीळ घालत होता! मलाही वाटलं, चला, सुटलो एकदाचे. इतक्या वर्षांत मी आगगाडीला इतका कधी आसुसलो नव्हतो.

कोरेगाव स्टेशनावर दुपारी मिरजेकडून गाडी आली. गाडी तिथं जास्त थांबत नाही. लालासाहेबानं आधी बायकोला चढवलं, मला आत सारलं, मग स्वतः चढला. अंबूबाईनं त्याच्यापुढं हात केला.

"माजं तिकीट द्या."

चौदा महिन्यांनी पहिला शब्द! लालासाहेबाच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यानं घाईघाईनं खिशातून तिकीट काढून तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते कनवटीला लावलं आणि पदर खोचला.

"आता उतरा," ती म्हणाली.

"म्हंजी?"

"मला पुण्याला जायाचं हाय. तुमच्यासंगं न्हाई."

डब्यातली माणसं बघायला लागली. तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "अगं, येड्यावानी काय बोलतीस? तितं तुझं हाय कोण?"

"हितं कोण हुतं?"

इंजिनानं शिट्टी दिली. लालासाहेब जागचा हलेना. तेव्हा अंबूबाईनं मला दोन्ही हातांनी धरलं. जिनं मला तेल चोळलं त्याच हातांनी तिनं मला दारापर्यंत ओढलं आणि पायानं खाली ढकललं. मी फलाटाच्या फरशीवर तोंडावर आपटलो, एक पट्टी तुटली, वाकळा बाहेर आल्या. आपलं सामान पडलं म्हणून लालासाहेबानं सवयीनं माझ्यामागं उडी मारली. तो वळून बघतो तर गाडी चालायला लागली होती. दारात अंबूबाई उभी होती. तो शेवटच्या डब्यापर्यंत धावला. मी त्याला पळताना पुष्कळदा पाहिलं होतं, पण इतकं वाईट कधी नाही.

मग तो परत येऊन माझ्यावर बसला. स्टेशनमास्तरनं विचारलं, "गाडी चुकली का हवालदार?" तो 'हो' म्हणाला.

तीन महिन्यांनी नाथाजी आला. सोबत अंबूबाईचा निरोप होता. 'माझी दोन लुगडी राहिलीत, तेवढी द्या.' लालासाहेबानं ती घडी करून माझ्यात ठेवली, तुटकी पट्टी सुतळीनं बांधली. नाथाजीनं मला उलगडलं, लुगडी काढून पिशवीत घातली. खाली मान घालून म्हणाला, "व्हल्डाल नको म्हणाल्यात वहिनी."

"ती बरी हाय का?"

"हाय की. दिसभर पोळ्या लाटती. हात भाजत्यात, पाय सुजत्यात. पर बडबड म्हंजी काय बडबड! रंगूचं डोकं उठतंय."

लालासाहेबानं त्याला चहा केला. चहात साखर घालायची राहिली आणि दोघांनीही तो तसाच प्यायला.

आता मी गोठ्यात आहे. लालासाहेबानं म्हैस परत आणलीय, तिच्या वैरणीवर तो मला झाकण म्हणून टाकतो. संध्याकाळी कधी माझ्यावर बसतो आणि बोलतो, तासन् तास बोलतो. मी काय उत्तर देणार? मित्रांनो, या वेळी मी तुम्हाला विनवायला हवं की जुन्या वस्तूंना ऊन दाखवा, पट्ट्यांना तेल लावा. दाखवा, लावा, माझी ना नाही. पण तुमच्या घरात कुणी 'कवा?' असं विचारत असेल, तर त्याला खरं सांगा. न्यायचं नसेल तर 'नेत नाही' म्हणून तोंडावर सांगा. ते माणूस चार दिवस रडेल, चार शिव्या देईल. देऊ द्या. लालासाहेब त्या शिव्यांसाठी आज उसाचा तुकडासुद्धा विकायला तयार आहे.