चाकं खाली

आमच्या घरातले दोघे भाऊ एकाच विमानात बसायचे. विमान कसलं, उडती रिक्षाच. औषधांची खोकी आणि टपाल घेऊन डोंगरापलीकडे जायचं आणि जेवायच्या वेळेला परत यायचं. चालवायचे आमचे हे, शेजारी माझा धाकटा दीर. उतरण्याआधी भावोजींनी विचारायचं, "चाकं?" ह्यांनी दांडा खाली ओढायचा, हिरवे दिवे लागले का बघायचं आणि म्हणायचं, "खाली." वर्षानुवर्षं असंच चाललेलं. घरी जेवतानाही कुणी मध्येच "चाकं?" म्हटलं, की घास तोंडात असताना ह्यांच्याकडून "खाली" यायचं आणि आम्ही दोघी जावा पोट धरून हसायचो.

त्या दिवशी सकाळी भावोजी म्हणाले, "दादा, तुझी नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही. पुढच्या वर्षापासून मी चालवतो, तू शेजारी बस." खरं तेच बोलले. पण आमच्या ह्यांच्या नाकावर राग. "तू मला शिकवणार?" म्हणाले आणि चहा तसाच टाकून उठले. भावोजीही फुगले. म्हटलं, सख्खे भाऊ आहेत, जेवायला बसेपर्यंत येतील गोडीत.

जेवायला आलेच नाहीत. चाकं खाली न घेताच विमान पोटावर उतरलं, घसरत गेलं आणि कुंपणाच्या भिंतीवर आदळलं, तेही भावोजींच्या बाजूने. ह्यांचा हात मोडला. भावोजी गेले.

चौकशीत दांडा वरच सापडला. म्हणजे बिघाड नव्हता, चूक चालवणाऱ्याची होती. प्रश्न एवढाच उरला की भावोजींनी आठवण करून दिली होती का. एवढ्याशा विमानात बोलणं टिपून ठेवणारं यंत्र नव्हतं. कंपनीचा साहेब घरी येऊन ह्यांना हळूच म्हणाला, "नाही दिली म्हणा. अर्धा दोष तिकडे जाईल, तुमचा परवाना वाचेल. गेलेल्याला काय फरक पडतो?" माझं डोकंच फिरलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते, ते दुसऱ्याच्या पानात वाढणारा हा पहिलाच पाहिला. त्याला मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

ह्यांनी मात्र हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. माझ्याशीही बोलेनात. हे त्या साहेबाचं ऐकतात की काय, अशी मला भीती वाटायला लागली.

आणि जाऊ? ती रडतसुद्धा नव्हती. नुसती चिडायची. "त्यांचा स्वभाव मला माहीत नाही का, वहिनी? फुगले की तोंड शिवून बसायचे. विचारलंच नसणार. स्वतःच्या हट्टापायी जीव घालवला आणि मला बसवलं असं!" भावोजींचे शर्ट तिने पोत्यात कोंबून जिन्याखाली टाकले होते.

जबाबाच्या दिवशी सकाळी हे तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. हात गळ्यात बांधलेला, शर्टाचं एक बटण भलत्याच काजात.

"त्याने विचारलं होतं," हे म्हणाले. "सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता, पण वेळेला विचारलं. मी रागात होतो. त्याच्याकडे बघायचं नाही म्हणून खिडकीबाहेर बघत होतो. तोंडाने खाली म्हणालो. हात हललाच नाही. हेच तिकडे सांगणार आहे."

"आणि त्यांनी दिवे नाही बघितले?"

"नाही. मी 'खाली' म्हटलं, तेवढं त्याला पुरलं."

आता ही ह्यांच्या थोबाडीत देणार, असं मला वाटलं. दिली असती तर मी आडवी गेले नसते, नवरा असला म्हणून काय झालं. पण ती उंबरठ्यावरच खाली बसली आणि इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. मी तिला जवळ घेतलं, तरी हुंदका थांबेना.

"म्हणजे बोलले ते," ती म्हणाली. "मी रोज शिव्या घालत होते हो त्यांना, दादा. आता माफी कुणाची मागू?"