आणखी कोणाचं बोट

त्याने पासवर्ड तपासणाऱ्या कोडच्या शेवटच्या बाराशे ओळी निवडल्या, एकदा वरून खाली नजर फिरवली आणि पुसून टाकल्या. या एका क्षणासाठी तो तीन वर्षं राबला होता. आता त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगिनला पासवर्ड लागणार नव्हता, फक्त पासकी. किल्ली फोनच्या पोटात राहणार, फोन बोट ओळखणार आणि खातं उघडणार. सॉफ्टवेअर फुकट होतं. कोणीही घ्यावं, आतून उघडून पाहावं, चुका काढाव्यात. चुका काढणारे पुष्कळ होते, दुरुस्त करणारे दोघंच. एक तो आणि दुसरे मास्तर, गणिताचे निवृत्त शिक्षक. ते त्याची प्रत्येक ओळ अजूनही उत्तरपत्रिकेसारखी तपासत.

ओळी पुसून तो चहा टाकायला उठणार, तोच एक मेल आली. महिलांच्या एका मदत केंद्रातल्या ताईंनी पाठवलेली.

‘आमच्याकडे येणारी एक बाई तुमच्या पासकीने खातं उघडते आणि वकिलांना लिहिते. तिने लिहिलेलं तिचा नवरा तिला जेवताना शब्दन् शब्द ऐकवतो. तुमच्या पहिल्या पानावर लिहिलंय, तुमच्याशिवाय कोणीही आत येऊ शकत नाही. मग तो कसा येतो? पुढच्या आठवड्यात तिला घर सोडायचंय. तारीख खात्यात लिहायची की नाही, एवढंच सांगा.’

पहिल्या पानावरचं ते वाक्य त्याचंच होतं, आणि लिहिताना त्याने कॉलर जरा ताठही केली होती. ‘लिहू नका. मला शोधू द्या,’ एवढंच उत्तर त्याने पाठवलं आणि चहा राहिला तो राहिलाच.

दोन दिवस त्याने ताईंनी पाठवलेल्या तिच्या लॉगिनच्या नोंदी चाळल्या. एकही नोंद खोटी नव्हती. प्रत्येक वेळी तिचाच फोन, तिचीच किल्ली.

“गणित बरोबर आहे रे,” मास्तर फोनवर म्हणाले. “तीनदा तपासलं मी. आपलं काम फोनपाशी संपतं.”

“तिचं संपत नाही ना, मास्तर.”

मास्तरांनी नुसतंच ‘हं’ केलं. त्यांचं ‘हं’ म्हणजे पटलं, पण कबूल करणार नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने सरळ ताईंनाच फोन लावला.

“ताई, तिला फोन घेऊन कोणी दिला?”

“नवऱ्यानेच. सगळं सुरू करून हातात दिला.”

“मग बोटं कोणाकोणाची घातलीत त्यात?”

“एकापेक्षा जास्त घालता येतात?” ताईंनी विचारलं.

त्याने कपाळावर हात मारून घेतला. चार-पाच बोटांचे ठसे सहज घालता येतात, आणि बोट कोणाचं ते फोन विचारत नाही. फोनला नवऱ्याचं बोट चालत होतं, म्हणून त्याच्या सॉफ्टवेअरलाही चालत होतं. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असून सुचलं नव्हतं, आणि याचाच त्याला राग येत होता.

मग तो हात धुऊन त्या कामाच्या मागे लागला. तिच्यासाठी केंद्रातल्या कॉम्प्युटरवर नवं खातं उघडायचं, त्याला फोनची किल्ली द्यायचीच नाही. पेनड्राइव्हएवढी वेगळी किल्ली, तिचा पिन फक्त बाईला माहीत, आणि ती राहील ताईंच्या कपाटात. जुन्या खात्याला मात्र हात लावायचा नाही, असं ताईंनी बजावलं. ते बंद पडलं तर नवऱ्याला संशय येईल. तिथे बाईने वकिलांना कागदपत्रांचं काहीबाही विचारत राहावं.

पहिल्या पानावरचं ते वाक्य त्याने काढून टाकलं. पासकी तयार होण्याआधी एक नवं पान घातलं आणि त्यावर एकच प्रश्न ठेवला: ‘या फोनमध्ये आणखी कोणाचं बोट आहे का?’

“लोक ‘नाही’ दाबून पुढे जातील,” मास्तर म्हणाले.

“जाऊ देत. एखादी थांबेल.”

पुढच्या शुक्रवारी ताईंचा निरोप आला. ‘पोहोचली. बहिणीकडे आहे. त्याला पत्ता लागला नाही.’ त्याने तो दोनदा वाचला, उठून तोंडावर पाणी मारलं आणि बराच वेळ नळ बंद करायचं विसरला.

शनिवारी संध्याकाळी बायको दवाखान्यातून आली. दिवसभर लोकांचे गुडघे आणि खांदे चोळून ती दमायची. आल्या आल्या खुर्चीत बसून पाय समोरच्या स्टुलावर टाकायची. नव्या आवृत्तीची शेवटची चाचणी तिच्या फोनवर घ्यायची, हा घरचा जुना रिवाज होता. तिला जे कळलं नाही, ते जगाला कळणार नाही, असं तो म्हणायचा. ती म्हणायची, हे कौतुक आहे की टोमणा, ते एकदा ठरव.

तिने प्रश्न वाचला आणि पटकन ‘नाही’ दाबलं.

“अगं, असं काय करतेस!” तो हसला. “माझं बोट आहे ना यात. फोन घेतला तेव्हा मीच घातलं होतं, अडीअडचणीला असू दे म्हणून. बघ.”

त्याने तिच्या हातातून फोन घेतला, पडदा बंद केला आणि अंगठा टेकवला. फोन थरथरला, उघडला नाही. त्याने अंगठा शर्टाला पुसून परत टेकवला. फोन परत थरथरला.

“काढलं मी ते,” ती म्हणाली. “दीड वर्ष झालं.”

“का?”

“घालताना विचारलं नव्हतंस.”

त्याला लागलं. फोन हातात तसाच धरून तो उभा राहिला. “मग सांगायचंस तरी.”

“तू उघडायला गेलास तर कळेल, म्हटलं.” तिने पाय खाली घेतले. “दीड वर्षात तुला कळलं नाही. ते मला बरं वाटलं.”

त्याने फोन तिच्या हातात दिला आणि टेबलापाशी जाऊन बसला. प्रश्नाच्या खाली त्याने आणखी एक ओळ टाइप केली: ‘असल्यास, तुम्हाला विचारून घातलं होतं का?’ ती मागे येऊन उभी राहिली, वाचून तिने मान डोलावली.

मदत करणाऱ्यांची यादी त्याने उघडली. मास्तरांच्या खालची जागा रिकामी होती. सवयीने त्याची बोटं तिचं नाव टाइप करायला लागली, आणि दोन अक्षरांवर थांबली.

“तुझं नाव घालू का इथे?” त्याने वळून विचारलं.