उसवायचं बटण

मित्रांनो, संगणकाच्या पडद्याच्या माथ्यावर छोट्या चित्रांची एक रांग असायची ना, तो मी. एक जुना टूलबार. असायची म्हणतो, कारण आता मी कुणाला दिसत नाही.

एका प्रोग्रामरने मला घडवलं, पण नाव कमावलं ते शिवणकाम करणाऱ्या एका ताईंच्या दुकानात. गिऱ्हाइकांची मापं त्या माझ्याच मदतीने लिहायच्या. माझ्या अंगावरची कात्री पाहून पहिल्याच दिवशी हसल्या. "अगं बाई, हा तर आपल्यातलाच निघाला!" मागे वळलेल्या बाणाचं त्यांनी बारसं केलं, उसवायचं बटण.

ताईंची एक चूक ठरलेली. कापलेला तुकडा टेबलावर पडून राहतो, ही हाताची सवय. त्या एक ओळ कापायच्या, मग दुसरी कापायच्या आणि पहिली शोधत बसायच्या. इथे तर एकाच तुकड्यापुरती जागा, दुसरा कापला की पहिला पुसला जातो! मग माझा बाण दाबला की सगळं पूर्ववत. "सुईची भोकंसुद्धा राहत नाहीत हो," त्या गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायच्या. मी फुशारून जायचो.

एकदा त्यांच्या भावाची मुलगी आली. "आत्या, ही पट्टी उगाच जागा खाते," म्हणाली आणि मला लपवून मोकळी झाली. विचारलं कुणालाच नाही.

त्याच आठवड्यात ताईंनी धाकट्या बहिणीला पत्र लिहायला घेतलं. अकरा वर्षांचा अबोला होता. एक ओळ जमायला तीन दिवस लागले, 'चूक माझी होती, तू घरी ये.' ती वर घ्यावी म्हणून त्यांनी कापली. मग सवयीने आणखी एक कापली. पहिली गेली. कर्सर माझ्या जागी येऊन घुटमळला. मला हाक मारता येत नाही, मित्रांनो. त्या दिवसाइतकं एकटं मला कधीच वाटलं नाही.

"जाऊ दे," ताई स्वतःशीच म्हणाल्या. "पुन्हा लिहायचा धीर नाही."

पत्र तसंच गेलं, हवापाण्याचं. उत्तरही तसंच आलं. तब्येतीला जप, एवढंच.

ती ओळ आता माझ्याकडेही नाही. जुनी वस्तू अडगळ वाटली तर खुशाल हलवा, पण आधी विचारा, हिच्यावाचून कुणाचं अडेल का?

मापं चुकली की ताई अजून वर बघतात. रिकाम्या जागेकडे पाहत पुटपुटतात, "इथेच तर होतं."

आणि मी इथेच असतो.