गिरणीतलं बोलणं

आई नवी नवरी होती तेव्हा तिच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असायचा, असं आत्या सांगते. बाबा घरातच हातमागावर विणायचे आणि ही शेजारी सुताच्या कांड्या भरता भरता गल्लीभरच्या बातम्या सांगायची. मग गावात गिरणी आली आणि बाबांचं कापड कुणी विचारेना. गिरणीत जायला बाबांनी साफ नकार दिला. डोळे अधू झाल्याचं निमित्त होतं, खरं कारण मान. मानाने चूल पेटत नाही, म्हणून आई गेली. पुढे मीही गेले. मानी माणसाच्या घरी बायकांनाच जुंपून घ्यावं लागतं, हे मी तेव्हाच शिकले.

मागखात्यात दोनशे माग एकदम आदळत असतात. तिथे ओरडणं म्हणजे घसा फुकट घालवणं. म्हणून बायका आवाज न काढता नुसते ओठ हलवतात आणि समोरची ओठ पाहून उत्तर देते. भांडणं, सोयरिकी, मुकादमाची टिंगल, सगळं असंच चालतं, आणि मुकादमाला पत्ताही लागत नाही. मी महिनाभरात शिकले. वर्षभराने तर ऐकूच येतंय असं वाटायला लागलं.

वीस वर्षांत आईचे कान गेले. आपला आवाज निघतोय की नाही, हेही तिला कळेनासं झालं. तोवर बाबांचे डोळे पुरते गेले होते. हिला ऐकू येत नाही, त्यांना दिसत नाही. असा जोडा जमवायला गिरणीच पाहिजे.

बाबा बोलले की आईला ओठांवरून समजायचं. तिचं उत्तर मात्र ओठांवरच राहायचं. मी घरी असले की तिचं बोलणं मोठ्याने बाबांना सांगायचे. घरातलं माझं कामच ते होतं. मी नसले की दोघं आपापल्या कोपऱ्यात बसून राहायची. आईची सवय बाबांना मी कितीदा समजावली, पण त्यांच्या मनाने एकच घेतलं होतं, की आपल्यापायी हिला गिरणीत जावं लागलं आणि म्हणून हिने अबोला धरलाय.

गेल्या महिन्यात छातीत कफ भरून बाबांनी अंथरूण धरलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी डॉक्टर आले आणि आता काही खरं नाही म्हणून गेले. आई उशाशी होती, मी पायाशी, आत्या दाराजवळ. बाबांनी चाचपडत आईचा हात धरला आणि तिच्याकडे तोंड केलं.

"माझ्याऐवजी तू राबलीस," ते म्हणाले. "राग आहे का गं माझा?"

आई त्यांच्यावर वाकली.

"नाही हो. कधीच नव्हता. तुम्ही उगाच जीव जाळलात."

मला रडू आवरेना. ज्या शब्दांसाठी ते इतकी वर्षं झुरले, ते शेवटी त्यांना मिळाले म्हणून मला फार बरं वाटलं. बाबा थोडा वेळ तसेच थांबले. मग त्यांनी हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. दिवस मावळायच्या आत ते गेले.

चार दिवसांनी आत्या परत निघाली. आईचा निरोपही न घेता ती दाराबाहेर पडली, म्हणून मी तिच्यामागे गेले.

"जाणाऱ्या माणसाने विचारलं तर एक शब्द तरी बोलावा," आत्या म्हणाली. "खोटा का असेना. तुझी आई नुसतं तोंड हलवत बसली. आणि तू समोर असून गप्प राहिलीस."

आत्याला भ्रम झालाय असंच मला वाटलं. आई 'नाही' म्हणाली होती, मी स्वतः ऐकलं होतं. त्या दुपारचा आईचा आवाज आठवायला गेले. तो आठवेना. ओठ आठवत होते.

मी घरात आले. आई बाबांचे कपडे आवरत होती. आत्या का रागावली, असं तिने ओठांनी विचारलं. दमलीय, मी म्हणाले. आईने हातातला सदरा खाली ठेवला.

"मी नाही म्हटलं, तरी त्यांनी हात का सोडवला गं?"

मी तिच्याकडे पाठ केली आणि खरं काय झालं ते मोठ्याने, अगदी सगळं सांगितलं. शेजारच्या घरातली माणसं दारात येऊन उभी राहिली. आई माझ्या पाठीमागे उत्तराची वाट पाहत होती.